दोर ओढायच्या आधी

युटाच्या वाळवंटात एक घळ आहे. वरच्या तोंडातून आत शिरायचं आणि पोहत, घसरत, दोरावरून उतरत खालच्या तोंडातून बाहेर पडायचं. मध्येच कंटाळा आला म्हणून मागे फिरायची सोय नाही. तिथे जायला सॉलिड गिअर लागतं, थोडी हिंमत लागते आणि 'नको' म्हणू शकणारा एक मित्र लागतो.

कॅन्यन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो ग्रँड कॅन्यन. अवाढव्य! कठड्याला टेकायचं, फोटो काढायचा, 'वॉव' म्हणायचं आणि बसमध्ये येऊन बसायचं. स्लॉट कॅन्यन हे प्रकरण याच्या बरोबर उलटं. ते लांबून दिसतच नाही. उघड्या खडकावरून तुम्ही निवांत चालत असता आणि एकदम पायापुढे एक भेग येते. रुंदी कुठे दहा फूट, कुठे जेमतेम दोन फूट. खोली मात्र शंभर फूट, दोनशे फूट, कधी त्याहूनही जास्त. आत उतरलात की वर आकाशाची निळी फीत तेवढी उरते. काही घळी इतक्या चिंचोळ्या की सॅक पाठीवरून काढून हातात धरायची आणि पोट आत घेऊन आडवं सरकायचं. (डेस्क जॉबचे परिणाम इथे लगेच कळतात!)

आपल्या भाषेत अशा जागेला नेमका शब्द आहेच, घळ. भंडारदऱ्याजवळच्या साम्रदची सांधण दरी ज्यांनी केलीय त्यांना वेगळं सांगायला नको. दोन्ही बाजूंनी अंगावर येणारे कडे, मध्ये गार पाणी, पुढे दोर लावून उतरायचे टप्पे. फरक एवढाच की सांधण आपल्या काळ्या बसाल्टमधली आणि या घळी लाल-केशरी वाळूच्या दगडातल्या.

अमेरिकेतली युटा आणि ॲरिझोना ही राज्यं म्हणजे या घळींचं माहेरघर. त्यातली आम्ही निवडली ती झायन नॅशनल पार्कमधली 'द सबवे'. वरून खाली साधारण १५ किलोमीटरचा पल्ला. पूर्ण दिवस लागतो. पाऊलवाट थोडीच, बाकी वाट आपली आपण शोधायची.

वाळूची करवत

झायनच्या उभ्या भिंती आहेत नवाहो सँडस्टोनच्या. साधारण १८-१९ कोटी वर्षांपूर्वी इथे सहारासारखं वाळवंट होतं. वाऱ्याने वाळूच्या टेकड्यांवर टेकड्या रचल्या, त्या एकमेकींखाली दबल्या आणि त्यांचा दगड झाला. झायनमध्ये हा थर काही ठिकाणी २००० फूट जाड आहे. दगडावर आजही तिरप्या रेघांचे पट्टे दिसतात. वारा कुठून कुठे वाहत होता, हे त्या रेघांवरून कळतं. पुढे ही सगळी जमीन वर उचलली गेली, दगडाला उभ्या भेगा पडल्या आणि पाण्याला वाट मिळाली.

आता वाळवंटात पाणी कुठलं? तीच तर गोम आहे. इथे पाऊस कमी, पण पडतो तेव्हा तो धरून ठेवायला पुरेशी माती नाही, गवत नाही. खडकावर पडलेला थेंब थेट उताराला लागतो. मैलोन् मैल पसरलेल्या कातळावरचं पाणी अशा एका भेगेत घुसतं आणि येताना वाळू, गोटे, झाडांचे ओंडके घेऊन येतं. वाहत्या पाण्यातली वाळू म्हणजे सँडपेपरच. ती भिंती फार रुंद व्हायच्या आत तळ खोल करत जाते. पाणी जिथे गरगर फिरतं तिथे आपल्या निघोजसारखे रांजणखळगे तयार होतात.

थोडक्यात, ज्या पुराची तिथे सगळ्यांना धास्ती, त्याच पुराने ही घळ घडवलीय. आणि त्याचं काम अजून संपलेलं नाही.

पार्टनर

बरोबर होता माझा इंजिनिअरिंगचा रूममेट. हॉस्टेलमध्ये आम्ही एकमेकांना पार्टनर म्हणायचो, ते अजून तसंच आहे. कॉलेजच्या चार वर्षांत आम्ही लेक्चर्स कमी आणि सह्याद्री जास्त केला. रतनगड, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, सांधण. मग नोकऱ्या लागल्या. मी पुण्यात, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये. तो सॉल्ट लेक सिटीत, एका सॉफ्टवेअर कंपनीत. भेट सहा वर्षांत नाही. वाढदिवसाला मेसेज, दिवाळीला फॉरवर्ड, मधूनच एखादा जुना ट्रेकचा फोटो आणि त्याखाली 'जायला पाहिजे यार'. तुमचाही असा एखादा ग्रुप असेलच.

सप्टेंबरात मला लास व्हेगासला एका कॉन्फरन्ससाठी जायचं होतं. त्याला कळवलं तर त्याने थेट सबवेच्या परमिटची लॉटरी भरून टाकली. लागली! मी व्हेगासहून भाड्याची गाडी घेऊन निघालो, तो सॉल्ट लेकहून ५०० किलोमीटर गाडी हाकत आला. पार्कच्या दारातल्या स्प्रिंगडेल गावात शुक्रवारी रात्री भेटलो. केस दोघांचेही कमी झाले होते. बाकी पाच मिनिटांत सगळं जागेवर आलं.

घळीत एकट्याने का जाऊ नये, याचं उदाहरण युटामध्येच घडलंय. एप्रिल २००३ मध्ये ॲरन राल्स्टन हा तरुण ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एकटाच उतरला. कुठे जातोय हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. निसटलेल्या धोंड्याखाली त्याचा उजवा हात अडकला. पाच दिवस तो तिथेच होता. शेवटी स्वतःचा हात स्वतःच कापून तो बाहेर पडला. त्यावरचा '१२७ अवर्स' हा २०१० चा सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिला असेल, संगीत आपल्या रहमानचं. सिनेमा बघून सगळे त्याच्या हिमतीबद्दल बोलतात. ट्रेकर मंडळी मात्र विचारतात, 'अरे, पण सांगून का नाही गेला?'

आमच्या दोघांचा कॉलेजपासूनचा एक नियम आहे. दोघांपैकी एकाने 'नको' म्हटलं की नको. कारण विचारायचं नाही, चर्चा करायची नाही, आणि नंतर टोमणे मारायचे नाहीत. तिसरं कलम सगळ्यात अवघड!

तिथलाही मॉन्सून

आपल्याला वाटतं मॉन्सून फक्त आपलाच. पण अमेरिकेच्या या नैऋत्य भागातही मॉन्सून असतो आणि त्याला तिथेही मॉन्सूनच म्हणतात. १५ जून ते ३० सप्टेंबर. मात्र आपल्यासारखी चार-चार दिवसांची झड नाही. सकाळी लख्ख ऊन, दुपारी ढग जमतात, अर्धा तास धो धो कोसळतो, संध्याकाळी पुन्हा स्वच्छ. हा अर्धा तासच घळीत जीवघेणा ठरतो, कारण पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरजच नसते.

ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये १२ ऑगस्ट १९९७ रोजी ११ पर्यटक पुरात वाहून गेले. वादळ झालं होतं घळीच्या वरच्या बाजूला, काही मैलांवर. तिथलं पाणी घळीत भिंतीसारखं आलं.

म्हणूनच झायनमध्ये रोज सकाळी सगळ्यांचे डोळे एका अंदाजाकडे असतात. त्या दिवशी घळींमध्ये अचानक पूर येण्याची शक्यता किती, हे अमेरिकेची नॅशनल वेदर सर्व्हिस चार शब्दांत सांगते. 'नॉट एक्स्पेक्टेड', 'पॉसिबल', 'प्रोबेबल' आणि 'एक्स्पेक्टेड'. म्हणजे शक्यता नाही, येऊ शकतो, बहुधा येईल आणि येणारच.

शनिवारी सकाळी आम्ही बघितलं तर 'प्रोबेबल'.

बाहेर निळंशार आकाश. ढगाचा एक ठिपका नाही. लॉटरीत लागलेलं परमिट हातात, दोन वेटसूट भाड्याने घेऊन ठेवलेले, सोमवारी माझी परतीची फ्लाइट. मी त्याच्याकडे बघितलं.

"नको," तो म्हणाला.

"बरं," मी म्हणालो.

संपलं. पाच सेकंदांचं काम. ऑफिसमध्ये याच निर्णयाला तीन मीटिंग, एक एक्सेल शीट आणि 'लेट्स टेक इट ऑफलाइन' लागलं असतं. आणि शेवटी आपण गेलोच असतो, कारण आधीच इतका खर्च झालाय! विचार करून बघा, गेल्या वर्षभरात ऑफिसमध्ये तुम्ही किती वेळा नुसतं 'नाही जमणार' म्हणालात? डेडलाइन अशक्य आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि माना मात्र सगळ्यांच्या होकारार्थी हलतात.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी याच झायनमध्ये, कीहोल नावाच्या छोट्याशा घळीत सात जणांचा गट उतरला होता. त्या दिवसाचा अंदाजही 'प्रोबेबल' होता आणि परमिट घेताना त्यांना तो सांगितलाही गेला होता. दुपारी पूर आला. सातही जण गेले. पार्कचं धोरण स्पष्ट आहे, तुमची सुरक्षितता ही तुमची जबाबदारी. परमिटच्या खिडकीतला माणूस तुम्हाला धोका समजावून सांगतो. आत जायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

शनिवारची दुपार

मग काय, स्प्रिंगडेलमध्ये एका कॅफेच्या ओट्यावर कॉफी घेऊन बसलो. अडीचच्या सुमारास ढग आले. आमच्यावर पंधरा मिनिटं पाऊस पडला आणि थांबला. ऊनही आलं. 'प्रोबेबल'चा एवढा बाऊ केला तो यासाठीच का, असं कुणालाही वाटलं असतं.

पण व्हर्जिन नदी गावाला लागूनच वाहते. सकाळी ती काचेसारखी होती. बघता बघता तिचा रंग गेरूसारखा झाला, पाणी वर आलं, मग फांद्या वाहत यायला लागल्या. वर कुठेतरी, आम्हाला न दिसणाऱ्या कातळावर, जोरात पडला होता.

आम्ही बराच वेळ ते पाणी बघत बसलो. मग तो म्हणाला, "जॉब गेला माझा. एकेचाळीस दिवस झाले."

अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की साधारणपणे जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी शोधायची, व्हिसाची दुसरी काहीतरी सोय करायची, नाहीतर बॅगा भरायच्या. त्याच्या हातात एक ऑफर होती. दुसऱ्या राज्यात, कमी पगाराची, त्याला अजिबात न आवडणाऱ्या कामाची. उत्तर मंगळवारपर्यंत द्यायचं होतं. बायको म्हणत होती, तू ठरव. आईबाबांना सांगितलेलंच नव्हतं. परमिटची लॉटरी त्याने भरली होती ती नोकरी गेल्यानंतरच्या आठवड्यात.

"तुला काय वाटतं?" त्याने विचारलं.

सल्ले देणारे त्याला रोजच भेटत असणार. मी म्हणालो, "उद्या उतरू. मग बघू."

रविवारचा अंदाज आला, 'नॉट एक्स्पेक्टेड'. परमिटमधल्या काही जागा कुणीतरी सोडल्या होत्या. त्यातल्या दोन आम्हाला मिळाल्या.

ओढू?

सबवेची सुरुवात एकीकडे आणि शेवट दुसरीकडे. त्यामुळे एक गाडी लेफ्ट फोर्क ट्रेलहेडला, म्हणजे खालच्या टोकाला ठेवली आणि दुसरीने वर वाइल्डकॅट ट्रेलहेडला गेलो. सकाळचे साडेसहा. पाँडेरोसा पाइनच्या झाडांमधून सुरुवातीला छान पाऊलवाट आहे. मग ती संपते आणि पायाखाली येतो नुसता कातळ, पांढरट, गुळगुळीत, लाटांसारखा. कुणीतरी रचून ठेवलेले दगडांचे छोटे ढीग बघत बघत उतरायचं. शेवटी एक घसाऱ्याची उभी नाळ लागते. हात-पाय आणि बूड, तिन्ही वापरून आम्ही घळीच्या तळाला पोहोचलो.

इथे वेटसूट चढवला. वाळवंटात वेटसूट? बाहेर ३० अंश असले तरी आतलं पाणी बर्फासारखं असतं, कारण काही डोहांवर ऊन जेमतेम पोहोचतं. या वाळवंटी घळींमध्ये थंडीने काकडून माणसं संकटात सापडलेली आहेत. पहिल्याच डोहात उतरलो आणि तोंडातून जे शब्द बाहेर पडले ते इथे छापता येणार नाहीत.

थोड्याच अंतरावर पहिला टप्पा येतो. घराएवढा धोंडा वाट अडवून बसलेला आणि त्याच्या खाली उतार. इथे दोर काढावा लागतो.

आता हा दोराचा फंडा नीट समजून घ्या, कारण सगळी मेख त्यात आहे. खडकात ठोकलेल्या बोल्टच्या कडीतून दोर ओवायचा आणि त्याची दोन्ही टोकं खाली सोडायची. म्हणजे ६० फुटांचा दोर ३० फूट पुरतो. दोघांनी एकेक करून उतरायचं. खाली आल्यावर एक टोक ओढायचं. दुसरं टोक वर जातं, कडीतून निसटतं आणि अख्खा दोर सळसळत तुमच्या पायाशी येऊन पडतो. दोर बरोबर न्यावाच लागतो, पुढच्या टप्प्याला तोच लावायचा असतो.

पण तो खाली आला की वर जायची वाट संपली. मागे गुळगुळीत भिंत, पुढे घळ. आता बाहेर पडायचं ते खालच्या तोंडातूनच.

म्हणून ओढण्याआधी एक पद्धत आहे. थांबायचं. वर आकाश बघायचं. पाण्याचा रंग बघायचा. कुणाला काही लागलंय का, कुणी जास्तच कुडकुडतंय का, पुढच्या टप्प्याचं सामान खाली आलंय का, ते बघायचं. आणि मोठ्याने विचारायचं.

"ओढू?" मी विचारलं.

तो काही बोलला नाही. वर बघितलं, मागे बघितलं. चांगली अर्धी मिनिट गेली असेल. घळीत अर्धी मिनिट खूप मोठी असते.

"ओढ."

दोर सळसळत आला. त्या आवाजाने पोटात गोळा येतो आणि दुसऱ्या क्षणी डोकं एकदम हलकं होतं. मागचा पर्याय संपलेला असतो, त्यामुळे त्याचा विचारही संपतो. आता फक्त पुढचं पाऊल.

भुयारात

पुढचे तीन-चार तास काय वर्णन करू! भिंती जवळ येतात, लांब जातात, पुन्हा जवळ येतात. ऊन थेट आत येत नाही, वरच्या भिंतीवर आपटून खाली झिरपतं, त्यामुळे सगळी घळ आतून पेटलेल्या कंदिलासारखी केशरी दिसते. पाण्याजवळ मात्र काळोख. डोहात उतरायचं, पाय टेकत नाहीत, सॅक पुढे ढकलत पोहायचं. दात वाजतात त्याचा आवाज भिंतीवरून परत येतो. एका ठिकाणी तर आम्ही दोघं वीस फुटांचा डोह पोहत कॉलेजच्या कॅन्टीनमधल्या गरम वडापावबद्दल बोलत होतो.

वाटेत एक अख्ख्या झाडाचा ओंडका भिंतीला तिरका टेकलेला दिसतो. सोलून गुळगुळीत झालेला, विजेच्या खांबाएवढा. फोटोग्राफर मंडळींचा तो आवडता आहे. आधी वाटतं, काय सुंदर मांडलाय. मग लक्षात येतं, पाण्याशिवाय त्याला इथे कोण आणणार? त्यानंतर आमची चाल आपोआप वाढली.

शेवटचा टप्पा सगळ्यात मोठा, साधारण ३० फूट. तो उतरलं की ज्यासाठी एवढा खटाटोप, ती जागा येते. घळीचा तळ दोन्ही बाजूंनी गोल कोरला गेलाय आणि वर भिंती पुन्हा जवळ आल्यात. अगदी मेट्रोच्या बोगद्यासारखी नळी, फक्त छताला लांबलचक फट. जमिनीवर एकापाठोपाठ एक हिरवेगार रांजणखळगे, काठोकाठ भरलेले. पाण्याने बांधलेला हा सबवे. इथे कुणी मोठ्याने बोलत नाही. आम्हीही नाही बोललो.

ओला दोर गुंडाळून सॅकमध्ये गेला. दोराची कामं संपली, पण दिवस नाही. इथून ओढ्यातून खाली चालायचं. लाल पायऱ्यांवरून पाण्याचे पातळ पडदे घसरतात, तिथे तुम्हीही घसरता. पुढे ओढ्याकाठी मोठ्या करड्या शिळांवर तीन बोटांच्या पावलांचे ठसे आहेत. डायनोसॉरचे, जुरासिक काळातले! चिखलात उमटले आणि चिखलाचाच दगड झाला. पार्टनरने आपला बूट त्या ठशाशेजारी ठेवला आणि म्हणाला, "याला पण नोटीस पिरियड मिळाला नसणार."

एकेचाळीस दिवसांत त्याने केलेला बहुधा पहिला विनोद असावा. आम्ही उगाचच खूप हसलो.

शेवटची चढण

दिवसभर उतरलेल्याची भरपाई शेवटी करावी लागते. ओढा सोडून डावी-उजवी न चुकता पाटी शोधायची आणि सुमारे ४०० फूट सरळ वर चढायचं. दुपारचं ऊन, ओले बूट, वेटसूट सॅकमध्ये गेल्याने दुप्पट झालेलं ओझं. आणि तिथेच एक गंमत झाली. लाल दगड संपून पायाखाली काळा खडक आला. लाव्हाचा, बसाल्ट! झायनच्या या भागात कधीकाळी लाव्हा वाहिलाय. वय आपल्या दख्खनच्या मानाने अगदीच कमी, पण हाताला लागतो तसाच. खरखरीत, तापलेला, भरवशाचा.

पार्टनर त्या दगडावर हात ठेवून दम खात उभा राहिला. बराच वेळ.

"ती ऑफर नको," तो म्हणाला. "दिवाळीला घरी असेन."

मला शंभर प्रश्न होते. घराचं काय, मुलीच्या शाळेचं काय, पुण्यात नोकरीचं काय. बायकोला विचारलंस का, की आत्ता चढता चढता ठरवलंस? आठ वर्षं तिथे काढून परत यायचं म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"बरं," मी म्हणालो.

तो मंगळवारी त्यांना कळवणार होता. बायकोला त्याने त्याच संध्याकाळी, रेंज आल्या आल्या फोन केला. मी गाडीपाशी ओला दोर वाळत घालत होतो. बोलणं ऐकू येत नव्हतं, पण तो येरझाऱ्या घालत नव्हता, एका जागी उभा राहून बोलत होता. पंधरा-वीस मिनिटांनी आला आणि म्हणाला, भूक लागलीय.

आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये पाचशे-सहाशे नंबर असतात. 'चल जाऊ या' म्हणणारे त्यात पुष्कळ सापडतात. पण तुमचं 'नको' ऐकून 'बरं' म्हणणारे किती आहेत, हे एकदा मोजून बघा. दोर बांधायला त्यांच्यातलाच कुणीतरी बरोबर घ्या.

जायचं असेल तर...

कसं जाल? जवळचा मोठा विमानतळ लास व्हेगास. तिथून झायन साधारण २६० किलोमीटर, गाडीने अडीच-तीन तास. राहायला स्प्रिंगडेल सोयीचं. वेटसूट, पाण्यात चालायचे बूट, ड्राय बॅग तिथे भाड्याने मिळतात.

परमिट: सबवेसाठी परमिट सक्तीचं आहे. ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि आगाऊ तारखांसाठी लॉटरी असते. एका गटात जास्तीत जास्त १२ जण.

कधी? मे-जून आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारच्या वादळांचा धोका सर्वात जास्त. कुठल्याही महिन्यात गेलात तरी त्या दिवशीचा पुराचा अंदाज बघितल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

काय यायला हवं? रॅपलिंग, पोहणं आणि नकाशावरून वाट शोधणं. झायनच्या हद्दीत कॅन्यनिअरिंगसाठी व्यावसायिक गाइड घेता येत नाही, त्यामुळे आधी शिकूनच जा. स्प्रिंगडेलमधल्या संस्था पार्कबाहेरच्या घळींमध्ये शिकवतात.

दोर नको असेल तर? लेफ्ट फोर्क ट्रेलहेडवरून ओढ्याने वर चालत जाऊन त्याच वाटेने परत येता येतं. साधारण १४ किलोमीटर. प्रसिद्ध बोगदा यातही दिसतो. परमिट यालाही लागतं.

पाणी: पिण्याचं पाणी बरोबर न्या. इथल्या ओढ्यांमध्ये विषारी सायनोबॅक्टेरिया आढळल्याने २०२० पासून इशारे दिले गेले आहेत. डोके पाण्याखाली घालू नका, पाणी तोंडात जाऊ देऊ नका.

गाड्या: दोन्ही टोकांना एकेक गाडी हवी, नाहीतर स्प्रिंगडेलहून शटल ठरवा.

आणि हो, कुठे जाताय आणि किती वाजेपर्यंत परत याल, हे मागे राहणाऱ्या एका तरी माणसाला सांगून जा. आत मोबाइलला रेंज नाही.